गिधाडांच्या खानावळीत एक दुपार (हरसूल, चार तारे)

नकाशावर जागांचे रिव्ह्यू टाकायची सवय मला रिटायर झाल्यावर लागली. आतापर्यंत एकशे बारा झाले. निम्म्याहून जास्त मिसळीचे, कारण नाशिकचा माणूस दुसरं काय रिव्ह्यू करणार! रस्सा पातळ आहे का, मटकी कच्ची राहिली का, पापड सादळलाय का, दुसऱ्यांदा तर्री मागितली तर वाढपी कपाळाला आठ्या घालतो का, एवढं मला कळतं आणि तेवढंच मी लिहितो. हा एकशे तेरावा. या खानावळीत मी काही खाल्लं नाही. खाणारे वेगळेच होते, आणि त्यांनी मला साडेचार तास ताटकळत ठेवलं.

हरसूलजवळ खोरीपाडा नावाची वस्ती आहे. तिथे वनखात्याने गावकऱ्यांना हाताशी धरून गिधाडांसाठी जेवणाची जागा केली. इंग्रजी पेपर तिला 'व्हल्चर रेस्टॉरंट' म्हणतात, मराठी पेपर 'गिधाडांचं उपाहारगृह'. मला खानावळ म्हणणंच बरं वाटतं. हॉटेलात माणूस जिभेसाठी जातो. खानावळ लावतो तो घरची चूल बंद झाली म्हणून. गिधाडांची घरची चूल म्हणजे गावोगावचे माळ, ओढ्याकाठच्या मेलेली ढोरं टाकायच्या जागा. ती चूल विझली, म्हणून ही सोय.

पद्धत साधी आहे. आसपासच्या पाड्यावर बैल, गाय, म्हैस मेली की मालकाने पुरायची नाही, कळवायचं. जनावर इथे आणून उघड्यावर ठेवायचं. मालकाला त्याचे थोडे पैसे मिळतात. बाकी काम पाहुणे करतात.

जायचं कसं, तर आम्ही गिरणारेमार्गे वाघेरा घाटातून गेलो. नाशिकहून पन्नास-साठ किलोमीटर. आधी फोन करून, परवानगी काढून जा. उगाच गाडी काढली आणि गेलो असं करू नका, कारण तिथे रोज पंगत नसते. जनावर मेलं तरच पान मांडलं जातं, आणि जनावर कधी मरेल याचं वेळापत्रक कोणाकडे नसतं. आम्हाला आदल्या रात्री नऊला निरोप आला आणि पहाटे साडेपाचला आम्ही निघालो. आम्ही म्हणजे मी आणि अण्णा. अण्णा आमच्या दवाखान्यात व्रणोपचारक, म्हणजे मलमपट्टी करणारे, होते. मी जिथे सुई टोचली तिथे त्यांनी शिंगं धरली, अशी एकोणीस वर्षं गेली. अजूनही मला साहेब म्हणतात, आणि अजूनही गाडीत पुढे बसायला लाजतात.

कपड्यांबद्दल सांगतो. सुनेने वाढदिवसाला दिलेला पोपटी टी-शर्ट घालून मी गेलो होतो. तिथला वनरक्षक, पोरगेला मुलगा, मला पायापासून डोक्यापर्यंत बघून म्हणाला, "काका, पाहुण्यांना लांबूनच दिसाल." मग एका मावशींनी त्यांच्या घरातली मातकट चादर आणून दिली आणि मी साडेचार तास ती पांघरून, एखाद्या आजारी माणसासारखा, झुडपाआड बसलो. तेव्हा खाकी, मातकट, हिरवट काही घाला. अत्तर नको. मोबाइलचा आवाज बंद. पाणी सोबत घ्या. खाणंही घ्या, पण वास येईल असं नको. वासाची बाजू तिकडून भक्कम असते.

आम्ही पोचलो तेव्हा पान मांडायचं चाललं होतं. डांगी बैल होता. पांढऱ्या अंगावर काळे ठिपके, तेलकट कातडी, या पावसाच्या मुलखातली खास जात. म्हातारा झाला होता, उतारावरून पाय घसरून पडला आणि गेला. मालक म्हणजे एक बाबा, डोक्याला मुंडासं, तोंडात एकही दात नाही. बैलाच्या शिंगावरून त्यांनी एकदा हात फिरवला आणि बाजूला झाले. वनरक्षकाने वही काढली. नाव, पाडा, जनावराचं वय. आणि मग विचारलं,

"बाबा, शेवटच्या आठवड्यात टोचलं होतं का काही?"

बाबा हसले. "टोचायला कोणाला बोलवू? पडला तसा गेला."

वहीत नोंद झाली, पंगतीला मंजुरी मिळाली. मी अण्णांकडे बघितलं. अण्णा जमिनीकडे बघत होते.

आता मी कोण, ते सांगायला हवं. मी पशुधन पर्यवेक्षक होतो. १९८८ला लागलो, तेहतीस वर्षं नोकरी केली, त्यातली बरीच निफाड आणि दिंडोरीकडे. लोक मला डॉक्टर म्हणायचे आणि मी कधी दुरुस्त केलं नाही. लाळ्या-खुरकूत, घटसर्प, फऱ्या, दगडी, अडलेली विण, हे सगळं या हातांनी केलेलं आहे. आणि नव्वदच्या दशकात डायक्लोफेनॅक नावाचं वेदनाशामक आलं ते याच हातांनी टोचलेलं आहे.

ते काय औषध होतं, हे ज्याने तेव्हा वापरलं त्यालाच कळेल. कास दगडासारखी झालेली, ताप एकशे सहा, गाय सकाळपासून चाऱ्याला तोंड लावत नाही. मानेत पंधरा मिली गेलं की तासाभरात ती उभी राहायची आणि रवंथ सुरू. मालकीण माझ्या गाडीपर्यंत येऊन हातात दोन अंडी ठेवायची. "डॉक्टरच्या हाताला गुण आहे." गुण तीस मिलीच्या बाटलीला होता. रबरी बुचाला सोळा नंबरच्या सुईने इतकी भोकं पडायची की शेवटी शेवटी बाटली उलटी केली की औषध आपोआप ठिबकायचं. स्वस्त, लगेच लागू, आणि गोठ्यात कोणालाही टोचता येईल असं. मालकच बाटल्या आणून ठेवायला लागले. त्यातली काही जनावरं तरीही मरायची. औषधाने नव्हे, मूळ रोगाने. दुखणं थांबायचं, रोग आत चालूच असायचा. आणि मग ते जनावर, मानेत माझे पंधरा मिली घेऊन, ओढ्याकाठी जायचं.

पुढचं मला कळायला फार वर्षं लागली. टोचल्यापासून दोन-तीन दिवसांत जनावर मेलं तर औषध त्याच्या मांसात, यकृतात, मूत्रपिंडात शिल्लक असतं. गिधाडाने ते खाल्लं की त्याची मूत्रपिंडं बंद पडतात. पक्ष्याची लघवी पाण्यासारखी नसते, युरिक अ‍ॅसिडची पांढरी पेस्ट असते. ती बाहेर पडेना झाली की आत साठते. गिधाड मान टाकून बसतं, आणि काही दिवसांत झाडावरून खाली पडतं.

ते पडलेलं गिधाड मी बघितलंय. १९९८ची गोष्ट, निफाडकडच्या एका गावाबाहेर, चिंचेखाली. अण्णा म्हणाले, साहेब, उघडून बघू का? उघडलं. हृदयावर, यकृतावर पांढरा थर, भिंतीला चुना फासावा तसा. बोट फिरवलं की खडूसारखं बोटाला लागायचं. मला ते ओळखीचं होतं. पोल्ट्रीतल्या कोंबड्यांना गाऊट झाला की अगदी असंच दिसतं. मी म्हणालो, "अरे, हे तर कोंबडीसारखंच," आणि हात धुतले, आणि पुढच्या गोठ्यावर गेलो. तिथे काय टोचलं असेल ते तुम्हीच ओळखा. उत्तर माझ्या बोटाला लागलं होतं आणि मी ते डेटॉलने धुतलं.

तेच उत्तर २००४मध्ये जगाला मिळालं. संशोधक लिंडसे ओक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाकिस्तानात मेलेली गिधाडं उघडली, विषाणू शोधले, कीटकनाशकं शोधली, काही सापडेना. शेवटी जनावरांच्या औषधांकडे नजर गेली आणि डायक्लोफेनॅक पकडलं गेलं. २००६मध्ये आपल्याकडे जनावरांसाठी त्यावर बंदी आली. आमच्याकडे परिपत्रक आलं, मी सही केली, फाईलला लावलं. तरी माणसांसाठीची तीस मिलीची बाटली मेडिकलमध्ये मिळतच राहिली आणि ती गोठ्यात येतच राहिली. माणसाला एका वेळी तीन मिली लागतं, तीस मिलीची बाटली कोणासाठी, हे दुकानदाराला कळत होतं, घेणाऱ्याला कळत होतं, मला कळत होतं. २०१५मध्ये माणसांच्या इंजेक्शनलाही तीन मिलीची मर्यादा घातली तेव्हा कुठे ती वाट अरुंद झाली. २०२३मध्ये केटोप्रोफेन आणि असेक्लोफेनॅकही जनावरांसाठी बंद केलं. असेक्लोफेनॅक तर गायीच्या अंगात गेल्यावर डायक्लोफेनॅकच होतं, म्हणजे चोराला दुसरा सदरा घालून आत घेतल्यासारखं. मेलोक्सिकॅम हे वेदनाशामक गिधाडाला चालतं. पण ते सुरुवातीला महाग होतं आणि एका डोसला बरंच जास्त मिली भरावं लागायचं, म्हणून शेतकरी नाक मुरडायचा.

हे सगळं मी त्या चादरीखाली बसून आठवत होतो, कारण दुसरं काही घडतच नव्हतं. सेवा अत्यंत संथ. सात वाजता पान मांडलं. साडेसातला कावळे आले. ते आगाऊ असतात, कुठल्याही लग्नात आधी येऊन बसणाऱ्यांसारखे. आठ वाजले, नऊ वाजले. वनरक्षक म्हणाला, ऊन तापल्याशिवाय हवा वर चढत नाही, आणि हवा वर चढल्याशिवाय हे उठत नाहीत. चार-पाच किलोचं धूड पंख मारत फिरलं तर खाल्लेलं सगळं उडण्यातच जाईल, म्हणून ते गरम हवेच्या भोवऱ्यावर बसून वर जातं आणि तिथून घसरत, पंख न हलवता, मैलोन् मैल बघत जातं. तेव्हा सकाळी सात ते दहा तिथे जाऊन काही उपयोग नाही, दहाला पोचलात तरी चालेल.

मधे एक कुत्रं आलं. तांबडं, कानाला जखम. एका पोराने दगड भिरकावून त्याला पिटाळलं. मला वाटलं, खाऊ द्या की बिचाऱ्याला. पण तो पोरगा म्हणाला, "एक खाऊन गेलं की उद्या दहा येतात, मग पाहुणे उतरत नाहीत." बरोबर होतं त्याचं. आणि ती दहाची गोष्ट मला माझ्या पोटावर माहीत आहे.

२००३च्या पावसाळ्यात एका वस्तीवरून गायीसाठी बोलावणं आलं. गाय सारखी हंबरते, तोंडातून लाळ, गिळता येत नाही. मालक म्हणाला, नरड्यात काही अडकलंय, बघा. मी हात घातला. कोपरापर्यंत. काही अडकलेलं नव्हतं. गायीचा तो आवाज घोगरा, फाटलेला, न थांबणारा होता, आणि हात बाहेर काढता काढता मला कळलं की ही पिसाळली आहे. पंधरा दिवसांपूर्वी कुत्र्याने नाकाला चावा घेतला होता, ते मालकाने तेव्हा सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी गाय मेली. मी सरकारी दवाखान्यात जाऊन पोटात चौदा इंजेक्शनं घेतली, तेव्हा तीच पद्धत होती. बेंबीभोवती गाठी यायच्या. बायको रोज रात्री शेक द्यायची आणि काही बोलायची नाही. दुसऱ्यांना टोचत आयुष्य गेलं, तेव्हा कळलं सुई कशी लागते.

त्या वर्षांत शिवारात कुत्री का वाढली, हे मला आता समजतं. ओढ्याकाठी मांस पडून होतं आणि खाणारे नव्हते. गिधाडं पंचवीस-तीस आली की बैलाची अर्ध्या-पाऊण तासात हाडं होतात, कुत्र्याला काही उरत नाही. गिधाडं गेल्यावर तीच जागा कुत्र्यांना मिळाली. त्यांना पिल्लं झाली. ती पिल्लं चावली. अयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या दोन अर्थशास्त्रज्ञांनी जिल्ह्याजिल्ह्यांची आकडेवारी घेऊन २०२४मध्ये हिशेब मांडला. जिथे आधी गिधाडं भरपूर होती तिथे ती गेल्यावर माणसांचे मृत्यू वाढले. २००० ते २००५ या पाच वर्षांत देशात मिळून सुमारे पाच लाख जास्तीचे मृत्यू. त्यात कुत्र्यांचं पिसाळणं आलं, सडक्या मांसाने नासलेलं पाणी आलं. पेपरात ते वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. पाच लाखात माझा वाटा किती, हा भागाकार कोणाला येत असेल तर मला सांगा. मला आला नाही.

नातवाच्या पुस्तकात 'संकटग्रस्त प्रजाती' असा धडा आहे. त्यात वाघ आहे, माळढोक आहे, शेकरू आहे. चित्रं सुंदर. गिधाड नाही. त्याने मला विचारलं, संकटग्रस्त म्हणजे जे फार कमी असतात ते ना, आजोबा? मी हो म्हणालो, आणि मग वाटलं, हे बरोबर नाही. पांढऱ्या पाठीचं गिधाड ऐंशीच्या दशकात जगातल्या सगळ्या मोठ्या शिकारी पक्ष्यांत सर्वांत जास्त संख्येने असावं असं जाणकार म्हणत. मी नोकरीला लागलो तेव्हा ते कावळ्यासारखं होतं, त्याच्याकडे मान वर करून कोणी बघायचं नाही. १९९२ ते २००७ या काळात देशात हजारातलं एक उरलं. लांब चोचीच्या गिधाडांची शंभरातली तीन. वाघ मुळात थोडाच असतो, त्याचं कमी होणं दिसतं. जे अंगणात रोज असतं त्याचं जाणं अंगणात दिसत नाही. २०००मध्ये या दोन्ही गिधाडांना 'अतिसंकटग्रस्त' ठरवलं, म्हणजे निसर्गातून नष्ट होण्याआधीची शेवटची पायरी. त्याच वर्षी मला उत्कृष्ट कामगिरीचं प्रशस्तिपत्र मिळालं. ते घरी भिंतीवर होतं. आता कपाटात आहे.

आणि भरून निघायचा वेग बघा. जोडी वर्षाला एकच अंडं घालते. पिल्लू वयात यायला पाचेक वर्षं. कोंबड्यांची साथ आली तर वर्षात खुराडं पुन्हा भरतं. इथे एक मेलं की त्याची जागा भरायला कित्येक वर्षं जातात. हरियाणात पिंजोरला पिंजऱ्यात वाढवून पिल्लं तयार करतात, २०२४च्या जानेवारीत त्यातली वीस आपल्या ताडोबा आणि पेंचला आणली. वीस. मी एका आठवड्यात वीसपेक्षा जास्त बाटल्या संपवल्यात.

साडेअकराला अण्णांनी माझ्या गुडघ्याला हात लावला.

वर, फार वर, एक ठिपका. मग दोन. घारीपेक्षा मोठे, आणि पंख एकदम सपाट, पाटासारखे. ते गोल फिरत खाली येत होते आणि त्यांना बघून आणखी ठिपके येत होते. त्यांच्यात कोणी बोलावत नाही. एक खाली वळला की मैलभर लांबचा त्याचं वळणं बघतो आणि स्वतः वळतो. बघता बघता समोरच्या झाडांवर एकोणतीस बसले. मी मोजले. आणि मग बसूनच राहिले! मान आत ओढून, खांदे वर, कोणी मयताला आलेल्या म्हाताऱ्यांसारखे. एकही खाली येईना. वनरक्षक कुजबुजला, "हे असंच असतं. पहिलं पाऊल कोणी टाकायचं यावर अडतं."

बाराला पहिलं उतरलं. दुर्बिणीतून मला ते हाताच्या अंतरावर दिसलं. गळ्याला पांढऱ्या पिसांची कॉलर, त्याच्या वर मान उघडी, सुरकुतलेली, काळसर. चोच चांदीसारखी. पंख मिटताना पाठीचा तो पांढरा डाग एकदा चमकला. ते चालत आलं, उड्या मारत, एका बाजूला कलत, नवीन चप्पल चावल्यासारखं. बैलाच्या डोळ्यापाशी थांबलं. इकडे तिकडे बघितलं. आणि चोच घातली.

मग सगळे आले. एक-दोन लांब चोचीचे होते, रंगाने फिकट, अंगाने जरा थोराड. ती कड्यावर घरटी करतात, पांढऱ्या पाठीची झाडावर. आवाज म्हणजे फिस्कारणं, खरखरणं, कुकरची शिट्टी येता येता अडकावी तसं. मान आत, पूर्ण खांद्यापर्यंत आत, आणि बाहेर आली की लाल. डोक्यावर पिसं का नसतात ते तिथे पाच मिनिटं बसलं की कळतं. आपण म्हणतो ना, 'गिधाडासारखे तुटून पडले.' सवलतीच्या साड्यांवर लोक तुटून पडतात, तसं इथे नव्हतं. इथे क्रम होता. मोठ्याने पंख पसरले की लहान मागे सरकत होतं. पोट भरलं की उठून बाजूला जाऊन बसत होतं, गळ्याशी पिशवी फुगलेली, चेहऱ्यावर समाधान. साठवून ठेवायला पिशवी सोबत आणलेलं एकही नव्हतं. लग्नाच्या बुफेला मी यापेक्षा वाईट बघितलंय.

त्यांच्या जठरातलं आम्ल इतकं तीव्र असतं की फाशीचे, म्हणजे अँथ्रॅक्सचे, जंतूसुद्धा त्यात मरतात. फाशी म्हणजे काय ते आमच्या खात्यातल्या माणसाला विचारा. फाशीने मेलेलं जनावर उघडायचं नाही, सहा फूट खड्डा, चुना, आणि त्या जागेवर चारायचं नाही, कारण बीज जमिनीत वर्षानुवर्षं जिवंत राहतं. त्या खड्ड्याचं, चुन्याचं, मजुरीचं बिल मी किती वेळा काढलंय! २०२२ला जनावरांत लंपीची साथ आली तेव्हा तर जेसीबी लावून खड्डे काढायची वेळ आली. हे बिल कधी न पाठवणारं खातं इथे, या माळावर, माझ्यासमोर जेवत होतं.

चाळीस मिनिटांत डांगी बैलाचा सापळा उरला. बाबा तोपर्यंत थांबले होते. त्यांनी लांबून हात जोडले, बैलाला की पक्ष्यांना ते मला कळलं नाही.

निघताना मी वनरक्षकाला विचारलं, इथेच कशी टिकली ही? नाशिकच्या बाकी तालुक्यांतून गेली, इथे कशी राहिली? तो म्हणाला, कडे आहेत, मोठी झाडं आहेत, लोकांनी साथ दिली. सगळं खरं. मग अण्णा गाडीत बसल्यावर, खिडकीबाहेर बघत म्हणाले, "साहेब, इथं आपली बदली कधी झाली नाही ना."

मी गाडी सुरू केली. पूर्ण त्र्यंबकपर्यंत आम्ही बोललो नाही. त्यांच्या त्या वाक्यात सगळं होतं. जिथे जर्सी गाय आली, द्राक्षाचा पैसा आला, फोन केला की तासाभरात डॉक्टर आला, तिथे चिंचा रिकाम्या झाल्या. जिथे बाबांना टोचायला कोणाला बोलवावं हा प्रश्न होता, तिथे एकोणतीस उतरली. डॉक्टर जाऊ नये असं मी म्हणत नाही. त्या बाबांचा बैल कदाचित वाचलाही असता. पण दोन्ही गोष्टी एकाच जिल्ह्यात, एकाच गाडीच्या टाकीभर पेट्रोलमध्ये बघितल्या की पोटात काहीतरी हलतं.

त्र्यंबकहून येताना उजव्या हाताला अंजनेरीचा कडा लागतो. तिथे लांब चोचीच्या गिधाडांची घरटी आहेत. कड्यावर पांढरे ओघळ दिसतात, ते शिटीचे, त्यावरून घरटं ओळखायचं. याच डोंगराच्या माथ्यावर एक कंदीलपुष्प आहे, बोटभर उंचीचं, जगात मुख्यतः याच डोंगराचं म्हणून ओळखलं जाणारं. त्याला शास्त्रीय नाव मिळालं ते २००६ साली, अंजनेरीच्याच नावाने. ज्या वर्षी आमच्या बाटलीवर बंदी आली त्याच वर्षी. पावसाळ्यात रिळं करायला वर जाणारे त्यावर पाय देऊन उभे राहतात आणि ढगांचे फोटो काढतात, हे चाललेलंच आहे. आणि इकडे इगतपुरीकडे सर्वतीर्थ टाकेदला जटायूचं मंदिर. सीतेसाठी पंख तोडून घेतलेल्या जटायूला रामाने तिथे पाणी पाजलं, असं आम्ही लहानपणापासून ऐकतो, नारळ वाहतो. मीही वाहिलेत. कित्येकदा टाकेदहून परतताना डिकीत ती बाटली असायची.

आता रिव्ह्यूचं राहिलेलं. स्वच्छता: जेवण झाल्यावर टेबल इतकं पुसलेलं मी कुठे बघितलं नाही. वास: आहे, सवय लागते, आमच्यासारख्याला तर लागलेलीच असते. मुलांना न्यावं का: दहा वर्षांवरच्या, चुप बसणाऱ्या मुलांना जरूर. ड्रोनवाल्यांना अजिबात नको. गर्दी नको, म्हणून नेमका पाडा कुठे वळतो ते मी मुद्दाम लिहिलेलं नाही. एक तारा कापला तो वेळेचा. पान सातला मांडून पाहुणे बाराला येत असतील तर आम्हाला दहाला बोलवा, एवढंच म्हणणं आहे. त्यात दोष कोणाचा नाही, हवेचा आहे.

माणसांच्या जेवणाचं म्हणाल तर परतताना रस्त्यावरच्या एका हॉटेलात मिसळ घेतली. नाव लिहीत नाही. तर्री म्हणजे लाल रंगाचं कोमट पाणी, फरसाण मऊ, पाव कालचा. त्यापेक्षा त्या मावशींकडे नागलीची भाकरी आणि खुरसणीची चटणी मिळते का विचारा. आम्ही विचारलं नाही, आणि वाटभर पस्तावलो.

सातपूरच्या सिग्नलला असताना फोन वाजला. निफाडकडचा जुना शेतकरी. मी रिटायर झालो हे त्याला माहीत आहे, तरी महिन्यातून एकदा तो फोन करतोच.

"डॉक्टरसाहेब, गाय बसलीय. कास टणक. ते आपलं जुनं इंजेक्शन कुठं मिळंल का? लगेच उभी राहायची."

मी म्हणालो, मेलोक्सिकॅम सांग डॉक्टरला, आणि अँटिबायोटिक वेगळं, आणि कास गरम पाण्याने शेक, दर दोन तासांनी पिळून काढ.

"ते मेलोक्सिकॅम बाटलीला कितीला पडतं?"

मी आकडा सांगितला. तिकडे थोडा वेळ कोणी बोललं नाही. मागून गायीचा हंबरडा ऐकू येत होता. सिग्नल हिरवा झाला, मागचे हॉर्न वाजवायला लागले. अण्णा म्हणाले, "साहेब, बाजूला घ्या गाडी. आपणच जाऊ त्याच्याकडं."